छावणीतला शिपाई आणि दूरची वाग्दत्त वधू : लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत यादवीकालीन संग्रहाचे परीक्षण

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी (१८६१ ते १८६५) मराठीत जे वाचायला मिळते, ते बहुतेक लिंकन, गुलामगिरीचा अंत आणि गेटिसबर्गची लढाई या तीन विषयांभोवती फिरते. त्या चार वर्षांत जो तरुण शिपाई महिनोन्‌महिने एकाच माळावर मुक्काम ठोकून बसला होता, ज्याच्या वाट्याला लढाईचे दिवस थोडे आणि कंटाळ्याचे दिवस फार आले, आणि ज्याने घरापासून शेकडो मैलांवर बसून केवळ टपालाच्या भरवशावर एखाद्या मुलीशी सूत जमवले, त्याची गाठ घ्यायची असेल तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे संकेतस्थळ उघडावे. तेथे त्या काळची छायाचित्रे, हस्तलिखिते आणि वृत्तपत्रे घरबसल्या पाहता येतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि नुसते पाहण्या-वाचण्यासाठी नावही नोंदवावे लागत नाही. मी ही सेवा बराच काळ वापरतो आहे आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. छावणी पाहण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. प्रेमाचा पत्रव्यवहार वाचण्यासाठी मात्र हे साधन अर्धेच पुरे पडते, कारण मुळात तो पत्रव्यवहारच अर्धा उरलेला आहे.

प्रथम छायाचित्रांविषयी. या ग्रंथालयाला २०१० साली लिल्जेनक्विस्ट नावाच्या कुटुंबाने, म्हणजे वडील आणि तीन मुलगे यांनी मिळून, यादवीतील शिपायांची सुमारे ७०० छायाचित्रे भेट दिली आणि त्यानंतरही ते देत राहिले, त्यामुळे आता हा संग्रह काही हजारांवर गेला आहे. युद्धाला १५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, एप्रिल २०११ मध्ये, ग्रंथालयाने यातील निवडक चित्रांचे प्रदर्शन भरवले होते. उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या संघराज्याच्या बाजूच्या, दर हजार मृतांमागे एक या हिशेबाने ३६० चेहरे आणि दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, दर पाच हजार मृतांमागे एक या हिशेबाने ५२ चेहरे त्यात मांडले होते. यांतील बहुसंख्य चित्रे सेनापतींची नसून साध्या शिपायांची आहेत, आणि त्यातही बहुतेकांची नावे कोणालाच माहीत नाहीत. खालच्या टिपेत ‘गणवेशातील अनोळखी शिपाई’ एवढेच लिहिलेले असते. फार तर बंदुकीचा प्रकार आणि टोपीवरचे अक्षर यांची नोंद असते.

ही चित्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. काही काचेवर घेतलेली, तर काही काळ्या रोगणाच्या पातळ लोखंडी पत्र्यावर घेतलेली. पत्र्यावरच्या चित्राला इंग्रजीत टिनटाइप म्हणत, जरी त्यात कथील नावालाही नसे. ते स्वस्त होते, फुटत नसे आणि पाकिटात घालून पाठवता येत असे, म्हणून छावण्यांच्या आसपास तंबू टाकून बसलेल्या फिरत्या छायाचित्रकारांचा धंदा त्यावर जोरात चालला. पत्र्यावर प्रतिमा थेट उमटते, तिच्यावरून दुसरी प्रत काढायची नसते, त्यामुळे ती आरशातल्यासारखी उलटी दिसते. संकेतस्थळावरचे एखादे चित्र मोठे करून पट्ट्याच्या पितळी बकलाकडे पाहावे; त्यावरची ‘यूएस’ ही अक्षरे उलटी झालेली असतात आणि उजव्या हाताने बंदूक धरलेला मनुष्य डावखुरा भासतो. याच मोठ्या प्रतीत दुसरीही एक गोष्ट दिसते, जी लहान प्रतीत हरवते : छायाचित्रकाराने बारीक कुंचल्याने शिपायाच्या गालांवर गुलाबी रंगाचा हात फिरवलेला असतो आणि कोटाच्या प्रत्येक बटणावर सोनेरी ठिपका दिलेला असतो. मलेरियाने आणि हगवणीने ओढलेल्या चेहऱ्यांवर ही लाली किती वेळा चढवली गेली असेल, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

ज्या डबीत हे चित्र बसवलेले असे ती डबीसुद्धा पाहण्याजोगी आहे. बिजागरीची, तळहाताएवढी, आत मखमल आणि पितळेची नक्षीदार चौकट. काही डब्यांत चित्राबरोबर केसांची बटही आहे. ग्रंथालयाने डबीसकट चित्रण केले आहे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ही वस्तू भिंतीवर टांगण्यासाठी केलेलीच नव्हती. ती हातात धरण्यासाठी, खिशात ठेवण्यासाठी आणि एकट्याने उघडून पाहण्यासाठी होती. शिपाई आपले चित्र गावी पाठवी आणि बदल्यात प्रेयसीचे मागवी. त्या काळात अविवाहित मुलीने एखाद्या तरुणाला आपले चित्र देणे हा सहज केलेला व्यवहार मानला जात नसे, त्यामुळे ‘चित्र पाठव’ या मागणीत पुष्कळ काही सांगितलेले असे आणि चित्र आलेच तर अर्धे उत्तर मिळाल्यासारखे होई. संग्रहात स्त्रियांची चित्रेही आहेत, जोडप्यांची आहेत, आणि शोकाचा काळा पोशाख घातलेल्या एका लहान मुलीचे, हातात वडिलांचे चौकटीतले चित्र धरलेले, असेही एक आहे. ते पाहिल्यावर मी त्या दिवशी दुसरे काही पाहू शकलो नाही.

अनोळखी चेहऱ्यांना नाव मिळावे म्हणून ग्रंथालयाने ही चित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरही खुली ठेवली आहेत आणि जाणकार लोक बटणे, टोपीवरची चिन्हे, स्टुडिओतला रंगवलेला पडदा यांवरून अंदाज बांधत असतात. चित्रावरून माणूस सापडण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र युद्धकाळातलेच आहे. गेटिसबर्गच्या लढाईनंतर एका मृत शिपायाजवळ तीन मुलांचे काचेवरचे चित्र सापडले, त्याचे वर्णन उत्तरेतील वृत्तपत्रांत छापून आले, आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल गावच्या एका बाईने ते आपल्याच मुलांचे असल्याचे ओळखले. अशा रीतीने १५४व्या न्यूयॉर्क पलटणीतील एमॉस ह्यूमिस्टनची ओळख पटली आणि तिला आपण विधवा झाल्याचे कळले.

आता छावणीकडे वळू. शिपायांच्या व्यक्तिचित्रांहून वेगळा असा, मोठ्या काचपट्ट्यांवर टिपलेल्या छावणीच्या दृश्यांचा साठा याच संकेतस्थळावर आहे आणि माझ्या मते सेवेतला हा सर्वांत समृद्ध भाग आहे. उत्तरेच्या पोटोमॅक सैन्याने १८६२-६३ चा हिवाळा व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गसमोर फॅल्मथ येथे काढला आणि पुढचा, १८६३-६४ चा हिवाळा, कल्पेपर परगण्यातील ब्रँडी स्टेशनच्या आसपास. एक लाखाहून अधिक माणसे एका ठिकाणी पाच महिने राहिली म्हणजे तेथे काय उभे राहते, हे या चित्रांत तपशीलवार दिसते. आसपासची झाडे तोडून ओंडक्यांच्या कमरेएवढ्या किंवा खांद्याएवढ्या भिंती रचलेल्या आहेत, फटींत चिखल लिंपलेला आहे, वर आडोशाच्या तंबूचे कापड ताणलेले आहे, आणि एका टोकाला काड्या व मातीचे धुराडे आहे. धूर नीट वर जावा म्हणून धुराड्यावर पिठाचे किंवा खारवलेल्या मांसाचे तळ काढलेले पिंप पालथे बसवलेले असे. ते पिंप अधूनमधून पेट घेत असे आणि मग सगळी गल्ली बादल्या घेऊन धावे.

हे सर्व पाहताना चित्राची मोठी प्रत उतरवून घ्यावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. ग्रंथालय लहान प्रतींबरोबरच अतिशय मोठ्या आकाराची टिफ प्रतही देते. ती उतरायला वेळ लागतो, परंतु त्या काचपट्ट्यांची सूक्ष्मता आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना लाजवणारी आहे. मागे दोरीवर वाळत टाकलेले सदरे आणि दाराशी ठेवलेली चुलीची लाकडे स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी १८६४ मधले ब्रँडी स्टेशनचे एक चित्र आहे. घोडदळाबरोबरच्या तोफखान्याच्या पहिल्या ब्रिगेडच्या ठाण्यावर अधिकारी उभे-बसलेले आहेत आणि त्यांच्यात एक स्त्री आहे. त्या हिवाळ्यात अधिकाऱ्यांच्या बायका आणि नातलग स्त्रिया छावणीत येऊन राहिल्या होत्या, नाचाचे कार्यक्रम झाले होते, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीला तर दुसऱ्या कोअरने, म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या विभागाने, खास लाकडी दालन उभारून मोठा समारंभ केला होता. साध्या शिपायाला ही सोय नव्हती. त्याला रजा मिळणेच मुश्किल, आणि म्हणूनच त्याच्या वाट्याला कागद आला.

त्याचे दिवस कसे जात, हे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पगार महिन्याला १३ डॉलर, तोही चार-चार, सहा-सहा महिने थकलेला. शिध्यात कॉफी, खारवलेले डुकराचे मांस आणि हार्डटॅक, म्हणजे पाणी आणि पिठाचे दगडासारखे कडक चौकोनी बिस्कीट, ज्यात अळ्या निघणे इतके नेहमीचे होते की शिपाई त्याला ‘अळ्यांचा किल्ला’ म्हणत. बिस्कीट कॉफीत बुडवले की अळ्या वर तरंगत; त्या काढून टाकायच्या आणि बाकीचे खायचे. जास्तीचे काही हवे तर सटलर नावाचा परवानाधारक दुकानदार पलटणीबरोबर असे आणि तो चीज, तंबाखू, गोड पाव आणि लिहिण्याचा कागद दामदुपटीने विकत असे. युद्धात मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे गोळीने न मरता रोगाने मेली. गोवराने पहिल्याच हिवाळ्यात खेड्यांतून आलेली कोवळी मुले नेली. कवायत, पहारा, लाकूडफाटा आणि पुन्हा कवायत, यांतून उरलेला वेळ पत्ते खेळण्यात आणि पत्रे लिहिण्यात जाई.

पत्रे कशी जात, याविषयी संकेतस्थळावर एका जागी माहिती नाही, आणि ती ठेवली असती तर वाचकाची मोठी सोय झाली असती, म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो. उत्तरेत अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला तीन सेंटचे तिकीट लागे. छावणीत तिकिटे मिळत नसत आणि मिळाली तरी घामाने व पावसाने खिशातच एकमेकांना चिकटत, म्हणून जुलै १८६१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, शिपायांना तिकिटाशिवाय पत्र टाकण्याची मुभा दिली. वर ‘शिपायाचे पत्र’ असे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे. त्यामुळे संग्रहातील एखाद्या पाकिटावर तिकीट नसून सहीच दिसली तर त्याचे कारण कळते. उलट दिशेने, मुलीचे पत्र शिपायाला पोहोचायचे तर पत्त्यावर गाव नसे. शिपायाचे नाव, कंपनीचे अक्षर, पलटणीचा क्रमांक आणि बहुधा वॉशिंग्टन एवढे लिहिले की पुढे ते सैन्याच्या मागोमाग जाई. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत ज्यांनी सैन्याच्या टपालाच्या ‘५६ एपीओ’ या पत्त्यावर पत्रे टाकली आहेत त्यांना ही पद्धत वेगळी समजावून द्यायला नको. पलटणीत पत्रे वाटण्याचे काम अनेकदा पाद्री करी, आणि ख्रिश्चन कमिशनसारख्या संस्था कागद व पाकिटे फुकट वाटत. मोठ्या शहरांत टपाल जादा पैसे न घेता घरपोच देण्याची पद्धत उत्तरेत १ जुलै १८६३ पासून, ४९ शहरांत, सुरू झाली. त्याआधी शिपायाच्या आईला किंवा प्रेयसीला बहुधा टपाल कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहून नाव सांगावे लागे, आणि लढाईच्या बातमीनंतर ती रांग कशी असेल याची कल्पना करता येते.

दक्षिणेत परिस्थिती झपाट्याने बिघडत गेली. तेथील स्वतंत्र टपालखाते १ जून १८६१ पासून जॉन रेगन याच्या हाताखाली चालू झाले. आधी पाचशे मैलांच्या आत पाच सेंट आणि पलीकडे दहा, नंतर जुलै १८६२ पासून सरसकट दहा सेंट असा दर होता. कागदाचा इतका दुष्काळ पडला की भिंतीला चिकटवण्याच्या नक्षीदार कागदाची पाकिटे होऊ लागली, वापरलेली पाकिटे उलटी करून पुन्हा वापरली जाऊ लागली, आणि पान भरल्यावर तेच पान आडवे धरून पहिल्या ओळींवरच दुसऱ्या ओळी लिहिल्या जाऊ लागल्या. मुलगा एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला असेल तर पत्र युद्धविरामाच्या पांढऱ्या निशाणाखाली, ठराविक ठिकाणांहून, एकच पान आणि उघडे पाकीट अशा अटीवर पाठवावे लागे. जे दोन्हीकडचे तपासनीस वाचणार, त्यात प्रेमाचे कितीसे लिहिता येणार.

हस्तलिखिते वाचण्यासाठी ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१८ पासून ‘बाय द पीपल’ नावाची सोय केली आहे. मूळ पानाचे चित्र एका बाजूला, रिकामी चौकट दुसऱ्या बाजूला. आपण वाचून टंकलिखित करायचे, दुसरा स्वयंसेवक ते तपासतो, आणि पक्का झालेला मजकूर शोधयोग्य होऊन मूळ पानाशी जोडला जातो. टंकनासाठी खाते लागत नाही, तपासणीसाठी लागते. नियम साधे आहेत : ओळी जिथे तुटतात तिथेच तोडायच्या, शुद्धलेखनाच्या चुका जशाच्या तशा ठेवायच्या, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह घालायचे. चित्र फिरवता येते, उजेड-काळोख कमी-जास्त करता येतो, त्यामुळे फिकट शाईसुद्धा बरीच वाचता येते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मराठी माणसालाही एकोणिसाव्या शतकाचे वळणदार अक्षर आरंभी अनोळखी वाटते. लांब काढलेला ‘एस’ आणि एकमेकांत अडकलेली मोठी अक्षरे सरावानेच लागतात, आणि ती लागू लागली की हे काम सोडवत नाही. कमी शिकलेल्या शिपायाचे पत्र तर मोठ्याने वाचावे लागते, कारण तो कानाला जसे ऐकू येई तसे लिही, आणि डोळ्याला न लागणारा शब्द उच्चारल्याबरोबर लागतो.

या पत्रांच्या सुरुवाती एकसारख्या असतात. लेखणी हाती घेतो, मी खुशाल आहे, तुझीही खुशाली इच्छितो, अशा अर्थाचे ठरीव वाक्य होऊन जाते आणि मगच मनुष्य मोकळा होतो. अविवाहित शिपायाच्या पत्रात हा मोकळेपणा हळूहळू, पत्रागणिक वाढतो. मायन्यातील ‘मिस’ जाऊन नुसते नाव कधी येते आणि खालची सही ‘आपला मित्र’ यापासून कुठवर सरकते, एवढेच पाहत गेले तरी प्रकरण कुठवर आले आहे हे समजते. सलग पत्रे वाचण्याची गोडी यातच आहे. ज्यांना मूळची कोणी मैत्रीण नव्हती त्यांनी वृत्तपत्रांत ‘पत्रव्यवहार हवा’ अशा जाहिराती दिल्या आणि अनोळखी मुलींची उत्तरे आली, काही थट्टेची, काही सावध, काही थेट लग्नापर्यंत गेलेली. याच ग्रंथालयाच्या जुन्या वृत्तपत्रांच्या विभागात ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चे त्या काळचे अंक आहेत आणि त्यांतील खाजगी जाहिरातींचे स्तंभ चाळण्यासारखे आहेत, मात्र यंत्राने वाचलेला मजकूर बारीक छपाईत चुकतो, तेव्हा शब्दशोधावर विसंबू नये, अंक उघडून डोळ्यांनीच पाहावे.

‘बाय द पीपल’मधील एक साठा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विल्यम ओलंड बोर्न नावाच्या संपादकाने १८६५ मध्ये उजवा हात गमावलेल्या उत्तरेच्या शिपायांसाठी डाव्या हाताने लिहिण्याची स्पर्धा ठेवली, एकूण एक हजार डॉलरची बक्षिसे लावली, आणि शेकडो माणसांनी आपली पाने पाठवली. बहुतेकांनी हात कुठे आणि कसा गेला हेच लिहिले आहे. ज्या मुलीने चार वर्षे एका विशिष्ट वळणाचे अक्षर पाकिटावर ओळखले, तिला एके दिवशी परक्या अक्षरातले पाकीट आले असेल तर आधी तिने मृत्यूचीच बातमी समजून ते उघडले असणार. हा माझा तर्क आहे, पण ती ठसठशीत, मुद्दाम घोटलेली डावरी अक्षरे पाहून तो करावासा वाटतो. रुग्णालयात तर शिपायाच्या वतीने दुसरेच कोणी लिही. वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत वॉल्ट व्हिटमन कवी हे काम करीत असे आणि त्याचे कागदही या सोयीत आहेत.

आता अर्धेपणाविषयी. शिपायाने घरी पाठवलेले पत्र पेटीत राहिले, नातवंडांकडे आले, ग्रंथालयात पोहोचले. मुलीने छावणीत पाठवलेले पत्र शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीत राही, आणि कूच करताना ओझे कमी करायचे तर आधी कागद जात. लढाईपूर्वी पत्रे जाळण्याची रीत होती, कारण आपण पडलो तर शत्रूचा कोणी शिपाई शेकोटीजवळ बसून ती मोठ्याने वाचेल याची लाज आणि भीती असे, आणि तसे घडतही होते. परिणामी संग्रहात एकच बाजू बोलत राहते. तिने काय विचारले, कशावर रुसली, शेजारच्या गावातील कोणाचे नाव घेतले, हे त्याच्या उत्तरावरून ताडावे लागते. नव्या वाचकाला ही गोष्ट सुरुवातीलाच कोणी सांगत नाही, आणि मग तो ती मुलगी गप्पच होती अशी समजूत करून घेऊ शकतो. ज्या थोड्या शिपायांनी मुलींची पत्रे जपली, त्यांच्यामुळेच त्या मुली किती स्पष्ट बोलत, राजकारणावर किती ठाम मते देत आणि लग्नाच्या बाबतीत किती सावध असत हे आपल्याला कळते.

जी प्रेमपत्रे सरकारच्या हाती राहिली त्यांची कहाणी निराळी आहे. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिन्याला आठ डॉलर निवृत्तिवेतन मिळू लागले, परंतु लग्न झाल्याचा पुरावा द्यावा लागे. गावातील नोंदवही जळालेली, पाद्री मेलेला, साक्षीदार पांगलेले, अशा वेळी काही स्त्रियांनी नवऱ्याची मूळ पत्रेच अर्जाला जोडली आणि ती परत आली नाहीत. हे अर्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे नसून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत, त्यांचा काही भागच डिजिटल झाला आहे आणि त्यातलाही बराचसा वर्गणी भरून पाहावा लागतो. फुकट सेवेची मर्यादा येथे लागते, हे धरून चालावे.

कृष्णवर्णीय शिपायांची चित्रे पाहताना वरचे सगळे हिशेब बदलतात. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांना आधी महिन्याला दहा डॉलर आणि त्यातून कपड्यांचे तीन वजा, म्हणजे हाती सातच मिळत, आणि समान वेतन जून १८६४ मध्ये मंजूर झाले. गुलामाच्या लग्नाला कायद्यात मान्यता नव्हती, त्यामुळे पळून येऊन भरती झालेल्या माणसाची बायको मालकाच्या ताब्यात राही आणि तिला पत्र पाठवणे हाच तिच्यासाठी धोका असे. छावणीत पाद्री आणि शिक्षिका अक्षरे शिकवीत, पाद्रीच रीतसर लग्ने लावून देत, आणि ३ मार्च १८६५ च्या ठरावाने अशा शिपायांच्या बायका-मुलांना मुक्त जाहीर केले. लिल्जेनक्विस्ट संग्रहात गणवेशातील एक कृष्णवर्णीय शिपाई बायको आणि दोन मुलींसह बसलेला आहे. दोन्ही मुली एकसारख्या कपड्यांत आहेत आणि चौघेही कॅमेऱ्याकडे थेट पाहत आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांच्या युद्धाचा एक चेहरा म्हणून हे चित्र मराठी वाचकाने जरूर पाहावे.

सेवेतील उणिवा स्पष्ट सांगायच्या तर छायाचित्रे, हस्तलिखिते आणि वृत्तपत्रे हे तीन विभाग वेगवेगळ्या वाटांनी उघडतात आणि एका शिपायाचे चित्र, त्याचे पत्र आणि त्याच्या पलटणीची बातमी यांची सांगड वाचकालाच घालावी लागते. ‘प्रेमपत्र’ असा विषय देऊन शोधले तर फारसे हाती लागत नाही; पलटणीचा क्रमांक, छावणीचे गाव किंवा कुटुंबाचे आडनाव द्यावे लागते. सगळा व्यवहार इंग्रजीतून आहे. मोबाइलवर चित्रे ठीक दिसतात, परंतु हस्ताक्षर वाचायला मोठा पडदाच हवा. दक्षिणेची बाजू उत्तरेच्या मानाने तोकडी आहे.

तसेच, ज्यांना एखाद्या जोडप्याची पहिल्या ओळखीपासून लग्नापर्यंतची सलग गोष्ट हवी आहे त्यांची येथे निराशा होईल. तशा गोष्टी आहेत. दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचा सहायक वॉल्टर टेलर याचे बेटी सॉन्डर्स हिच्याशी लग्न ठरलेले होते. २ एप्रिल १८६५ रोजी पीटर्सबर्ग सोडण्याचा हुकूम सुटला तेव्हा त्याने लीकडे काही तासांची रजा मागितली, रिचमंड गाठले, मध्यरात्रीनंतर लग्न केले आणि उजाडण्यापूर्वी माघार घेणाऱ्या सैन्याला मिळण्यासाठी तो निघाला. मागे शहराला आग लागली होती आणि आठवड्याने, ९ एप्रिलला, ॲपोमॅटॉक्स येथे लीची शरणागती झाली. असे वाचायचे असेल तर टिपांसह संपादित केलेला, छापलेला पत्रसंग्रहच घ्यावा, कारण तेथे संपादकाने रिकाम्या जागा भरून दिलेल्या असतात. या संकेतस्थळावर त्या आपल्याला भराव्या लागतात. ज्याला ते काम आवडते त्याने ब्रँडी स्टेशनच्या चित्रांपासून सुरुवात करावी, मग शिपायांची व्यक्तिचित्रे मोठ्या प्रतीत पाहावीत, आणि झोपडी, पिंपाचे धुराडे, बकलावरची उलटी अक्षरे एवढी ओळखीची झाल्यावरच हस्तलिखितांना हात घालावा.